खर्च मिळाला

न मिळालेले पैसे मिळाले, असं मी सात वेळा स्वतःच्या हाताने लिहून दिलं. खाली सही, तारखेसकट.

मी वकील आहे, हे आधी सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला नसता. नारायण पेठेत एका जिन्याखाली माझं ऑफिस आहे. पंचवीसएक वर्षं मी अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो, म्हणजे मुख्यतः कोर्टाबाहेरच्या बाकावर बसतो. दावे चालायचे तेव्हा चालतात. माझ्या पँटी मात्र एकाच जागी झिजतात.

त्या सात सह्या ज्या दाव्यात केल्या, त्यातल्या मावशी लोणी काळभोरच्या. घरच्या रानातली मेथी-कोथिंबीर मंडईत आणून विकायच्या. हायवेवर टेम्पोने उडवलं, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. कोर्टात येणं म्हणजे मंडईतला दिवस बुडाला. तरी एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. आपण दिसलो नाही तर कोर्ट आपल्याला विसरेल, अशी त्यांची समजूत. फारशी चुकीची नव्हती.

टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचा साक्षीदार कधी रजेवर, कधी फाइलच सापडत नाही. तो मुदत मागायचा आणि न्यायाधीश कंटाळून हुकूम करायचे, "पाचशे रुपये खर्च देऊन मुदत मंजूर." हा खर्च समोरच्या पक्षकाराच्या वाया गेलेल्या दिवसाचा. म्हणजे मावशींचा. पण आम्हा दोघांत एक जुनी रीत होती, वकिलाने वकिलाकडून खर्च घ्यायचा नाही. मित्र खिशाकडे हात न्यायचा, सावकाश. मी म्हणायचो, "राहू दे रे." मग अर्जाच्या कडेला 'खर्च मिळाला' लिहून सही ठोकायची आणि चहाला जायचं. चहाचे पैसे तो द्यायचा. यात मला उमदेपणा दिसायचा, तोही माझा.

शेवटी निकाल लागला. भरपाई बरी मिळाली, पण दाव्याचा खर्च नामंजूर. कारण काय, तर अर्जदारास विलंबाचा खर्च वेळोवेळी मिळालेला आहे. मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन उभा राहिलो. मावशी मागे उभ्या होत्या.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "ही सही आपलीच ना?"

"हो साहेब. पण पैसे प्रत्यक्षात मिळाले नव्हते."

"मग मी कुणावर विश्वास ठेवू? आपल्यावर, की आपल्या सहीवर?"

अर्ज फेटाळला. बाहेर आम्ही पुन्हा त्याच बाकावर. मावशींनी विचारलं, "वकीलसाहेब, आत काय झालं?" आता लपवायला जागाच नव्हती. मी रीत सांगितली, मैत्री सांगितली. चहा तेवढा गाळला. मग पाकीट काढलं. "मावशी, चूक माझी. सातही तारखांचे माझ्याकडून घ्या."

"ते तर मी घेनारच," त्या म्हणाल्या आणि डाव्या हाताने नोटा पिशवीत कोंबल्या. वाकडं मनगट मांडीवर तसंच होतं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पर येक सांगा. त्यो वकील कंपनीचा व्हता. तुमी त्याचं व्हता. मंग माझा वकील कोन व्हता?"