गुलाबी थर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही. एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

नव्वदनंतरची ती वर्षं. बारामतीत स्टँडमागं माझं आणि दत्ताचं पेंटिंगचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, आणि गेलेल्या माणसांची फोटोवरून केलेली चित्रं. मी पुण्यात चित्रकला शिकलेला. दत्ता लोणी भापकरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, कुठंच न शिकलेला. माझ्याकडं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेंच चित्रकारांचं एक पुस्तक होतं. बाईच्या नाकावरून हिरवा पट्टा, पुरुषाची दाढी नारिंगी, कपाळ निळं. ती पानं उलटत मी दत्ताला ऐकवायचो — चेहऱ्याला कातडीचाच रंग का द्यायचा? माणसाच्या आत जे चाललंय, त्याचा का नाही? बोलायचो फक्त. काढायचो गुलाबी गालच. भीती होती? की जमतच नव्हतं?

भवानीनगरच्या अंजनाबाई वारलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करायचे ते. काम दत्तानं घेतलं. चार दिवसांनी कॅनव्हासवर — कसं सांगू? कपाळ हिरवं, आगीकडची बाजू शेंदरी, डोळ्यांखाली जांभळं. तो माणूस माझ्याकडं बघत होता. मी पाच वर्षं नुसतं बोलत होतो, ते दत्तानं करून ठेवलं होतं.

दत्ता गावी गेला असताना अंजनाबाई आल्या. चित्रासमोर स्टुलावर बसल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “व्हय, ह्येच हायेत. पाळी करून घरी आलं की आसंच दिसायचं. कायबी बदलू नगा.”

त्या गेल्या. आणि मी — आता बोलतोच — दार ओढून घेतलं आणि त्या चेहऱ्यावर गुलाबी रंग चढवला. खालचा रंग पुरता वाळला नव्हता. हिरवा वर यायचा, मी पुन्हा झाकायचो. अख्खी दुपार. मधे एकदा तरी थांबलो का? नाही.

दत्ता परतल्यावर सांगितलं, “बाई लई रडल्या रं. म्हणाल्या, माझ्या मालकाचं भूत केलंय. मग मीच सावरून घेतलं.” त्यानं एकदा चित्राकडं पाहिलं आणि ब्रश धुवायला बसला.

चित्र न्यायला अंजनाबाई येणार, त्या दिवशी मी त्याला मुद्दाम इंदापूरला पाटीच्या कामावर धाडलं. त्यांनी विचारलं, “ह्ये कोन?” मी म्हणालो, रंग वाळला की असाच होतो. त्यांनी ते खरं मानलं. लुगड्याच्या धडप्यात चित्र गुंडाळून नेलं.

मत्सर म्हणा. मला दुसरा शब्द सापडलेला नाही, आणि मी तो शोधतही नाही.

दत्तानं पुन्हा चेहरा काढला नाही. वर्षभर ट्रॉल्याच रंगवल्या. मग सासऱ्यांच्या मळ्यात भाजी पिकवायला डाळजला निघाला. पिशवी खांद्याला लावून दारात थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “त्या बाई खरंच रडल्या व्हत्या का रं?”

दुकानात आम्ही दोघंच होतो. त्याच्या गाडीला अजून अर्धा तास होता.

मी म्हणालो, “लई.”