कागदाची माती

मालवणहून निघालो तो वैशाखाचा दिवस होता. सुधीरने, म्हणजे माझ्या मुलाने, बेंगळूरहून गाडी आणली होती. माझे दोन सदरे, औषधांचा डबा आणि त्याच्या आईचा फोटो एवढंच सामान. पुतण्या बाबल गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, पण तोंड असं केलेलं की जणू मीच त्याला टाकून चाललोय.

"काकानू, पाट येतले ते मिया घेवन ठेवतलंय. पण गणपतीचे डोळे कोण काढतलो?"

"मिया आसय मां," मी म्हटलं. "श्रावणात येतंय."

सुधीरने गाडी सुरू केली.

जे गाव सोडून गेले त्यांना पाट सांगायला नको. पण त्यांच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. प्रत्येक घर आपला लाकडी पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडतात त्या जागी, आणून देतं आणि त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडतो. कोणाचा पाट कोणाला जात नाही. माझ्या शाळेत चाळीस घरांचे पाट यायचे. कोणाच्या गणपतीची सोंड किती वळवायची, कोणाला नागाची फणी हवी, हे सगळं डोक्यात. दुसऱ्या शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, ह्या शाळेत पन्नास वर्षं काढली.

बाबल माती मळायचा, अंग घडवायचा, रंगही द्यायचा. डोळे मात्र मीच काढायचे. माझ्या वडिलांनी मला कधी तोंडाने शिकवलं नाही. ते म्हणायचे, "माती हाताक सांगता, कानाक नाय." मीही बाबलला तेच केलं. काही विचारलं की म्हणायचो, "हात बघ." आणि डोळ्यांची वेळ आली की त्याला बाहेर पाठवायचो. ती माझी मिजास होती, आज कबूल करायला हरकत नाही.

बायको गेली, मग मी पायरीवरून पडलो, मग उजवा हात थरथरायला लागला. सुधीरला तेवढं निमित्त पुरलं.

बेंगळूरचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टने वर जायचं, लिफ्टने खाली यायचं, मध्ये कुठे जमीन नाही. माती मिळायची ती नर्सरीत, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली. वास घेतला तर शेणखताचा. खालच्या वॉचमनशी कानडीत बोलता येईना, म्हणून त्याला नुसता हात दाखवायचो, तोही दाखवायचा. मासे आणायला गेलो तर बर्फातली सुरमई, डोळे आत गेलेले. आमच्या बाजारात ती कोणी मांजराला घातली नसती. पाऊसही लागे, पण तिथला पाऊस ऑफिस सुटल्यासारखा येतो नि जातो. आषाढ लागला तसा जीव थाऱ्यावर राहीना. आता खोतांचा पाट आला असेल, आता धुरींचा. एकदा स्वयंपाकघरात सुनेने, नीताने, मळलेल्या कणकेचा उंदीर करून ठेवला. नीता हसली नाही. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "बाबा, पेपरक्लेचा, म्हणजे कागदाच्या मातीचा, ऑनलाइन क्लास आहे, दर रविवारी. मराठीत शिकवतात."

"माका शिकवतले? पन्नास वर्षां शाळा चालवलंय मिया."

सुधीर तेव्हा चहा पीत होता. तो म्हणाला, "बाबा, हात कापतो म्हणून मी तुम्हाला गावी पाठवत नाही. ह्या क्लासात एक गणपती डोळ्यांसकट पुरा करा. तिकीट मी स्वतः काढतो."

मग बसलो. पैज लावली की मी हटत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शिकवणारी मुलगी नागपूरची, तिशीचीही नसेल. मला आजोबा म्हणायची. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवायची, मिक्सरला फिरवायची, फडक्यात पिळायची. त्यात खडूची पूड, पांढरा गोंद आणि मैद्याची खळ. झाली म्हणे माती. हातात घेतली तर ना थंडपणा, ना वजन. ओल्या इडलीसारखी. बातम्यांची इडली.

आणि ती मुलगी बोलायची किती. "अंगठा आडवा धरा. नखाने नाही, पेराने दाबा. आता श्वास सोडा आणि मग बोट उचला." क्षणाक्षणाला सूचना. मी नीताला म्हटलं, "ह्या चेडवाचा तोंड दुखत कसा नाय?"

"बाबा, माईक चालू आहे," नीता म्हणाली.

पलीकडून मुलगी म्हणाली, "दुखतं आजोबा. पण तुम्ही एवढ्या लांब, मी तुमचा हात धरू शकत नाही ना."

तरी मी तिचं ऐकत होतो असं नाही. क्लासात घुबड करत होते, मी गणपती धरला. तीन दिवसांत अंग उभं केलं. सोंड अशी वळली की सुधीरसुद्धा खुर्ची ओढून बसला. रोज काम संपलं की आमच्या रीतीप्रमाणे ओलं फडकं पिळून मूर्तीवर घालायचो. आमची माती सुकली की तडकते. कामाची मूर्ती ओली राखायची, हे आमच्यात मुलं चालायच्या आधी शिकतात. मुलगी काय सांगते ते कोण ऐकणार. आठ दिवस फडकं घातलं.

नवव्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर वास आला. पोटावर हिरवी-काळी बुरशी, सोंड बोटाने दाबली तर आत गेली.

रविवारी मूर्ती कॅमेऱ्यापुढे धरली. मुलगी म्हणाली, "आजोबा, हिला वाळू द्यायचं असतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

सांगितलं असेल. माझा कान पन्नास वर्षांत कोणाच्या सांगण्यासाठी उघडलाच नव्हता.

दुसरी मूर्ती करायला घेतली तेव्हा तिचा शब्द न् शब्द ऐकला. थर दिला की बाल्कनीत ठेवायची आणि हात लावायचा नाही. हात न लावणं हे मला सगळ्यात जड गेलं. मूर्ती वाळली, शिंपल्यासारखी हलकी झाली. रंग दिला. श्रावण संपत आला होता. मग डोळे काढायला बसलो.

डावा डोळा काढला. रेघ थरथरली. पांढऱ्याने पुसून पुन्हा काढली. पुन्हा थरथरली. तिसऱ्या वेळी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी बुबुळ खाली ओघळलं. गणपती झोपेतून उठल्यासारखा दिसायला लागला.

सुधीर मागे केव्हा येऊन उभा राहिला, कळलं नाही. तो म्हणाला, "छान झालाय, बाबा. तिकीट काढतो."

माझा मुलगा आहे तो. शाळेत, रंगाच्या वासात वाढलेला. त्याला डोळा कळत नाही असं नाही.

"नको काढू," मी म्हटलं.

चतुर्थीला सहा दिवस होते. बाबलला फोन लावला. "काकानू, कधी येतालास?" त्याने पहिलं हेच विचारलं. चाळीस गणपती रंगून आंधळे बसले होते.

"मिया येवचंय नाय. ब्रश घे. फोन खोक्यार ठेव."

पलीकडून खोका ओढल्याचा आवाज आला.

मला काही दिसत नव्हतं. नुसतं सांगायचं होतं. करंगळी गालावर टेक. रेघ नाकाच्या बाजूने सुरू कर. श्वास सोड, मग ब्रश उचल. बुबुळ लगेच घालू नको. आधी खाली जमिनीवर बस आणि वर बघ, कारण पाया पडणारा खाली बसलेला असतो. तो दिसेल अशी नजर जराशी खाली आण. हे सगळं मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. हाताला ठाऊक होतं, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडात आलं.

चौथ्या गणपतीला बाबल म्हणाला, "काकानू, तुमी ह्या सगळा आदी कधी सांगूक नाय."

"तू विचारूक नाय."

"विचारलंय तेव्हा हात बघ म्हणालास."

"पुढचो घे," मी म्हटलं.

चतुर्थीच्या सकाळी त्याचा फोन आला. पाट गेले, सगळे गेले. खोतांच्या म्हाताऱ्याने गणपती डोक्यावर घेण्याआधी निरखून पाहिला आणि विचारलं, डोळे काकाचेच मां?

"तू काय सांगलंस?"

"नाय म्हटलंय. माझे."

"मगे?"

"मगे काय नाय. डोक्यार घेतल्यान नि गेलो."

मला वाटत होतं, मी गेलो नाही तर चाळीस घरं अडून राहतील. कोणी अडलं नाही. त्या दिवशी नीताने मोदक केले होते, मला एकाहून जास्त गेला नाही. संध्याकाळपर्यंत मी खिडकीशी बसून एकेक घर मनात घेत होतो, कुठल्या माजघरात कोणाचा गणपती आता कोणाकडे बघत असेल ते. बाबलची नजर कशी पडली असेल ते मला माहीत नाही. पण ती खाली बसलेल्या माणसाकडे बघते, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर मी इथे चौथ्या मजल्यावर राहतो.