एकसष्ट नंबरच्या सपाता

आमच्या दादाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, पाऊल राहतं. वीस वर्षं बूट शिवले, मग दुकान बसलं आणि मी जिथे कपडे धुते त्याच जहाजावर त्यालाही चिकटवला. ध्रुवाकडे निघालेल्या प्रवाशांना रबरी बूट द्यायचे, परत आले की धुवायचे, एवढंच काम. पण हा शहाणा त्यातही जीव ओततो.

बुटांच्या खोलीत एक फळा आहे. प्रत्येक प्रवाशाचा नंबर घातलेला बिल्ला. बर्फावर उतरताना ज्याने त्याने आपल्या बिल्ल्याची लाल बाजू वर करायची, परत आलं की हिरवी. सगळा फळा हिरवा झाला की नांगर उचलायचा. मागच्या फेरीत एक बूट-जोड खुंटीवर दिसला नाही म्हणून दादाने जहाज तासभर थांबवलं. प्रवासी बुटांसकट बिछान्यात घोरत होता. कप्तान म्हणाला, "पुन्हा असं झालं तर पुढच्या बंदरात उतरायचं." बरोबर बहिणीलाही, असं तो म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं.

या फेरीत पहिल्या दिवशी बूट वाटताना एक वयस्क जोडपं आलं, बाईंचा बिल्ला एकसष्ट नंबरचा. बाईंनी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "हिचा पाच नंबर."

"पाऊल सहाचं होतं गं," दादा जेवताना म्हणाला. "पण मी दिले पाच."

"मग सांगायचंस की!"

"आता तोंड बंद ठेवायचं ठरवलंय."

मी हसले. ते हसू आठवलं की आज स्वतःचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जहाज असं हलत होतं की निम्मे प्रवासी खोलीबाहेर पडले नाहीत. हजेरीच्या वेळी साहेबांनी बाईंच्या नावालाही स्वतःच "हजर" म्हटलं. दुपारनंतर पहिले बर्फाचे तुकडे दिसले आणि समुद्र एकाएकी गप्प झाला. ती शांतता मला मुळीच आवडली नाही. दादाला म्हटलं, तर तो म्हणाला, "मलाही नाही."

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा सगळे रबरी होड्यांतून किनाऱ्यावर गेले. तासाभरात धुकं उतरलं, खाडीत बर्फ सरकू लागला. भोंगा वाजला, होड्या घाईघाईने परतल्या. फळा हिरवागार. नांगराची साखळी कुरकुरायला लागली आणि दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात लोकरीच्या सपाता.

"एकसष्ट नंबरच्या. बूट घालताना इथे काढल्या होत्या. अजून इथेच आहेत."

"गेल्या असतील बाई खोलीत. तू गप्प बस ना!" मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

"अनवाणी? की ते चावणारे बूट तसेच ठेवून? त्या गारठलेल्या लोखंडी जिन्यावरून?" तो दाराकडे वळला. "चुकलो तर दोघं उतरू."

मी त्याच्यामागे धावले. साहेब जेवणघरात सूप पीत होते.

"ती खोलीत असेल," ते म्हणाले. "बिल्ला लाल होता, मीच उलटला. नेहमीच विसरते ती."

"त्यांना पाहिलंत?" दादाने विचारलं.

साहेबांचा चमचा थांबला. आम्ही धावत जाऊन पाहिलं, खोली रिकामी होती.

कप्तानाने नांगर पुन्हा टाकला. होडी धुक्यात गेली ती चाळीस मिनिटं दिसली नाही. तेवढा वेळ मी त्या सपाता छातीशी धरून उभी होते.

बाई किनाऱ्यापासून पन्नास पावलांवर, एका खडकाआड सापडल्या. बुटाने टाच सोलली म्हणून बूट काढला, तो पुन्हा चढेना. हाका मारल्या, त्या वाऱ्याने नेल्या. वर आणल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. साहेब म्हणाले, "अगं, पण बिल्ला तर मी उलटला होता!"

कप्तान दादाला म्हणाला, "उद्यापासून फळ्याजवळ तू उभा राहा," आणि निघून गेला.

दादा सहा नंबरचे बूट घेऊन बाईंसमोर खाली बसला. त्याचे डोळे भरले होते. "चूक माझी आहे. पाऊल सहाचं आहे हे मला दिसत होतं."

"मलाही माहीत होतं हो," बाई म्हणाल्या.

मग सपाता पायांत सरकवून त्या फळ्यापाशी गेल्या, एकसष्टचा बिल्ला काढला आणि दादाच्या हातात दिला. "माझ्याशिवाय कुणालाही देऊ नका."

साहेब मागेच उभे होते. सफरीचे अजून अकरा दिवस बाकी होते.