मी धुतलेला समुद्र

भोरला दगडाला तोटा नाही. पाहावं तिकडं काळा कातळ. तरीही आमच्या यांनी नर्मदेकडून दोन गोणी दगड आणले. शाळामास्तर माणूस, उन्हाळ्याची सुटी. लोक आंबे खायला कोकणात गेले, हे चुनखडक मोजायला. दूध घालणारी म्हातारी गोणी बघून म्हणाली, "वैनी, हितं काय दगडं कमी पडली व्हय?"

यांचं म्हणणं, क्रिटेशस काळात, म्हणजे कोट्यवधी वर्षांमागं, तिथं समुद्र होता. तळाला रेताड खडक, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, त्यात चकलीसारखे वेटोळे शंख, आणि सगळ्यात वर लालसर चुनखडक, शिंपल्यांच्या चुऱ्याचा. खडकातून सुटलेले शंखशिंपले यांनी थरवार वेचले, एकेकाला पेन्सिलीनं लिहिलेली थराची चिठ्ठी डकवली. खळ माझी, चांगली कणकेची. त्या शंखशिंपल्यांवरून थरांचं वर्णन लिहून विद्वानांच्या मंडळाला पाठवायचं, एवढी एकच हौस या माणसाला होती.

खळीला झुरळं लागली. दिवाळीची साफसफाई चालली होती. मी अख्खा समुद्र घंगाळात बुडवला आणि राखेनं खसाखसा घासला. चिठ्ठ्या तरंगायला लागल्या. वाळवून परत डकवल्या, जिथं शोभतील तिथं. यांना सांगायची छाती झाली नाही.

दिवाळीनंतर हे भिंग घेऊन बसले आणि चौथ्या दिवशी ओरडतच स्वयंपाकघरात आले. वरच्या थरातले जीव तळातही सापडले होते! म्हणजे सगळे पहिल्यापासून एकत्र नांदत होते, आणि हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिथं असताना यांनी वहीत निराळं टिपलं होतं, पण ते उन्हाच्या तडाख्यात चुकलं असेल म्हणे. पुढे तीन आठवडे हे शीळ घालत लिहीत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. यांना शीळ येते हे मला ठाऊकच नव्हतं.

लिफाफा घेऊन यांनी चपला घातल्या तेव्हा माझा धीर सुटला. त्या विद्वानांनी यांना वेड्यात काढलं असतं. मी सगळं सांगून टाकलं, घंगाळासकट. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हे ओटीवर बसले. लिफाफा मांडीवर.

"वेळेत सांगितलंस," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तीन आठवडे फार सुखाचे गेले गं."