फायनल कान भाऊंचा

सोल्डरिंगच्या टेबलाखाली तारांचे तुकडे साठतात ना, तसे आमच्या दुकानात किस्से साठलेत. रोज झाडतो, तरी दुसऱ्या दिवशी पायाखाली आहेतच!

दुकान परळला, चाळीच्या तळमजल्यावर. काम गाड्यांमध्ये साउंड सिस्टीम बसवण्याचं. वायरिंग माझं आणि शेवटी गाडीत बसून आवाज जुळवणं भाऊंचं. भाऊ सावंत म्हणजे माझे पार्टनर. मिलच्या साचेखात्यात मागावर उमर गेली. संपात मिल सुटली आणि ते माझ्यासोबत या धंद्यात पडले. गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचे, "फायनल कान माझा!"

* * *

अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर कशाला लागतो, हे गिऱ्हाइकाला पटवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. भाऊ एका दमात उरकायचे.

"हा पंगतीतला वाढपी. जाड आवाज वूफरच्या पानात, बारीक आवाज ट्वीटरच्या पानात. वाढपी चुकला तर ट्वीटरला ठेचा जातो आणि तो जळतो!"

"आणि अ‍ॅक्टिव्ह म्हणजे?"

"आग्रह करून वाढणारा!"



* * *

प्रभादेवीचे एक जोशी, बँकेतून रिटायर झालेले. आवाज दोन वाटांनी वाटणारा टू-वे घ्यावा की तीन वाटांचा थ्री-वे, यावर त्यांनी अख्खा पावसाळा खाल्ला. येणार, कॅटलॉग चाळणार, चहा पिणार, "विचार करतो" म्हणून जाणार. दिवाळीच्या तोंडावर एकदाचा थ्री-वे ठरला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलो.

"काका, गाडी कुठे लावलीय?"

"गाडी अजून घ्यायचीय. म्हटलं, आधी सिस्टीम ठरू दे, मग तिला शोभेलशी गाडी बघू!"

* * *

शीव कोळीवाड्याच्या हौसाबाई, मासळीचा टेम्पो त्यांचा स्वतःचा. त्यांना साउंड प्रोसेसर दाखवत होतो. बटण दाबलं की गाणं हॉलमध्ये चालू असल्यासारखं वाटतं, दुसरं दाबलं की स्टेडियममध्ये. मी मोठ्या ऐटीत स्टेडियम लावलं.

"एवढ्या लांबून कशाला ऐकू रे? मी इथंच बसलेय ना!"

मग हॉल लावला. त्यांनी नाक मुरडलं आणि बटणांकडे बोट केलं.

"यात मार्केट नाय काय?"

* * *

आता जरा नाजूक गोष्ट. हिंदमाताचा एक साडीवाला शेठ तावातावाने आला. "सावंत, तुम्ही आवाज जुळवल्यापासून माझा कुत्रा गाडीत बसत नाही!"

"कुत्र्याला संगीतातलं काय कळतंय!" भाऊ म्हणाले.

मी गाडीत बसलो. ट्वीटर सुरू होताच दाढेत कळ गेली! मागांच्या धडधडाटात भाऊंच्या कानातले बारीक आवाज कधीच गेले होते. ते ऐकू येईपर्यंत भाऊ ट्वीटर चढवत राहायचे. हे सगळ्या परळला ठाऊक, फक्त भाऊंना सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. पण गिऱ्हाइकं तुटत होती. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

* * *

शेवटी मी माइकवाला नवा प्रोसेसर आणला. माइक सीटवर ठेवायचा, तोच आवाज मोजतो आणि आपला आपण जुळवतो. पहिली गाडी गणपतची. हा टॅक्सीवाला साचेखात्यात भाऊंच्या शेजारच्या मागावर होता.

भाऊंनी सीटवरचा माइक पाहिला. "मगे आता मी काय करू?" एवढंच विचारलं आणि केरसुणी घेऊन दुकान झाडायला लागले. मिल सुटली तेव्हा निदान सोबत हजारो माणसं होती. इथे भाऊ एकटेच होते आणि त्यांना घालवणारा मी होतो.

प्रोसेसरने आवाज अगदी नेमका जुळवला. गणपत ऐकायला बसला आणि वैतागला. "पेटी खंय गेली रे? नुसताच तबला वाजता! भाऊ, तू ये बघू!"

भाऊंनी केरसुणी टाकली. माइक उचलून माझ्या हातात दिला, सीटवर बसले आणि ट्वीटर चढवत नेला. चढवत नेला! मागच्या सीटवरची गणपतची बायको कानात पदर कोंबून टॅक्सीतून उतरली. समोरच्या चाळीच्या खिडक्या धडाधड लागल्या. आणि गणपतचे डोळे पाण्याने भरले.

"पेटी, भाऊ! वरची पट्टी! किती वर्षांनी ऐकली रे!"

मी माइक खोक्यात भरला.

बघतो तर टॅक्सीत दोघे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. मागांच्या धडधडाटात बोलायचे तसेच ओठ हलताहेत, बोटांच्या खुणा चालल्यात, मध्येच टाळी देताहेत. रस्त्यावर कुणाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि यांच्या आरामात गप्पा रंगलेल्या!

मी खिडकीशी जाऊन बोंबललो, "भाऊ, आवाज कमी करू?"

भाऊंनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि टेप थोडा आणखी मोठा केला.

"कित्याक रे? आम्ही बोलतव मा!"