ओल्या गोणपाटाच्या ताई

ताईंना ‘बसा’ म्हणण्याची संधी कुठल्याच साहेबाला कधी मिळाली नाही. दार ढकलायचं, खणखणीत ‘जयभीम’ करायचा आणि समोरची खुर्ची ओढून बसायचं. आम्ही बाकीचे कृषी सहायक मागे, छातीशी निवेदन धरून उभे. मग त्या वळून डोळे वटारत. “उभं राहून मागितलं की भीक वाटती रे. बसा खाली.”

ताई भोकरकडच्या. आमच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिला फतवा काढला तो शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ बंद करण्याचा. “आमदारांच्या घरी शाली ठेवायला जागा न्हाई राहिली. त्यांना काम द्या कायतरी,” असं त्या म्हणत. कोणतं काम, ते आम्हाला बोगस बियाण्यांच्या विधेयकाच्या वेळी कळलं.

त्या विधेयकात कुणीतरी एक कलम घुसवलं होतं. बियाणं उगवलं नाही, तर विकणाऱ्याबरोबर गावच्या कृषी सहायकालाही तुरुंगवास! आम्ही पेरणीआधी घरोघरी उगवण तपासून देतो, म्हणून आम्हीही दोषी. आमच्यातले निम्मे नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागले. ताई मात्र भडकल्या. “बोगस बी विकणाऱ्याला खुशाल आत टाका, मी टाळ्या वाजवते. पण पाऊस न्हाई पडला म्हणून मला बेडी? लई झालं!”

उगवण तपासायची आमची रीत साधी. ओल्या गोणपाटावर सोयाबीन मांडायचं, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. ताईंनी तसल्या गुंडाळ्या तयार केल्या आणि निवेदनाबरोबर नांदेड-लातूरच्या एकेका आमदाराच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. टेबलावरच्या काचेवरून पाणी ओघळायचं आणि स्वीय सहायक बोंब मारायचे. ताई शांतपणे सांगत, “साहेबांना म्हणावं, पाणी मारा. मी येतेच बघायला.”

लातूरच्या एका वजनदार आमदारांकडे आठवड्यानं पुन्हा गेलो. मधले दिवस साहेब दौऱ्यावर होते, घरात कुणी गुंडाळीकडे बघितलंच नव्हतं. ताईंनी ती त्यांच्यासमोर उलगडली. बी जागच्या जागी वाळून गेलेलं.

“साहेब, बी चांगलं होतं. पाणी तुम्ही न्हाई मारलं. आता कलमाप्रमाणं आत कोण जाणार?”

आमदारांनी गोणपाटावरचा एक वाळलेला दाणा उचलून बघितला. “ताई, तुम्ही तर मला माझ्याच घरात आरोपी करून राहिल्या.”

“हाव. आम्हाला आमच्याच गावात करून राहिलेत.”

अधिवेशनात त्याच आमदारांनी दुरुस्ती मांडली आणि ते कलम गळालं. आम्ही पेढे वाटत होतो, तोवर ताईंच्या हातात राजकीय दबाव आणल्याची नोटीस आणि देवणीला बदलीचा आदेश पडला होता. आम्हाला त्याचा भयंकर संताप आला. त्या मात्र पेढा खात म्हणाल्या, “देवणी! तिथल्या गाई बघायला लोक पदरमोड करून येतात. मला सरकार स्वतःहून धाडून राहिलं.” माफीनामा लिहून दिला तर बदली थांबेल, असा निरोपही आला होता. त्यांनी सरळ देवणीची एसटी धरली.

देवणीतूनच त्या निवृत्त झाल्या आणि गेल्या उन्हाळ्यात वारल्या. मला त्यांची फार आठवण येते. साहेबांच्या दाराबाहेर ताटकळताना तर जास्तच.

आता बियाणे कायद्याच्या नव्या मसुद्यात तेच कलम शब्द बदलून परत आलंय. परवा आम्ही लातूरच्या नव्या आमदारांकडे गेलो. मी दार ढकललं, जयभीम केला आणि खुर्ची ओढून बसलो. माझ्यामागून सगळे बसले.

“अहो, बसा तरी म्हणू द्या की मला,” आमदार जरा चिडूनच बोलले.

“आमच्या संघटनेत ती पद्धत न्हाई, साहेब,” मी म्हणालो आणि ओलं गोणपाट त्यांच्या टेबलावर ठेवलं.