सखारामनं हैदराबाद निवडलं

दुपारचं जेवून जरा आडवा झालो होतो. फोन वाजला. सखारामचा थोरला मुलगा जिंतूरहून बोलत होता. "काका, अप्पा गेले... सकाळी ओसरीवर बसले होते, तिथंच." पुढं तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. आता महिना उलटून गेला. तरी वर्तमानपत्रात कुठल्या दूरदेशीच्या तहाची बातमी दिसली, की सखाला विचारावं असं मनात येतं आणि हात फोनकडे जातो... मग उगाच फोन पुसून ठेवतो.

आम्ही दोघं चारठाण्याचे. माझे वडील शाळेत मास्तर, त्याचे वडील भिवबा मेंढ्या राखायचे. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य आणि ओढ्यापलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. दर उन्हाळ्यात भिवबा कळप घेऊन लोणारकडं उतरत. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेत. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका लागे. शिपाई काठीनं मेंढरं मोजायचा, आणि मोजणी उरकेपर्यंत भिवबा उन्हात हात जोडून उभे असायचे. सखा लहानपणापासून हे बघत आलेला. एकदा मला म्हणाला, "वामन, अलीकडंबी कुसळीचं गवत, पलीकडंबी कुसळीच. मग मधी हा नाका कुणी घातला?"  पुढं तो जे शिकायला निघाला, ते याच्याच उत्तरासाठी, असं मला नेहमी वाटत आलं.

परभणीला बोर्डिंगात राहून आम्ही मॅट्रिक झालो. महायुद्धाचे दिवस होते. बाजारातल्या हॉटेलात रेडिओवर बातम्या लागत. लोक चहा पिऊन उठून जायचे आणि सखा भिंतीला टेकून तसाच उभा. कोणता देश कोणाशी का भांडतो, भांडण मिटवायला बसतात तेव्हा आधी कोण बोलतं, कागदावर काय लिहून देतात... त्याला हेच शिकायचं होतं. आमच्या आवाक्यात हा विषय दोनच ठिकाणी होता. हैदराबादच्या विद्यापीठात उर्दूतून, 'बैनुल-अक्वामी ताल्लुकात', म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध, अशा भारदस्त नावाखाली, आणि नागपूरला इंग्रजीतून. आम्ही दोन्हीकडं अर्ज केले, दोन्हीकडून होकार आले. नागपूरला मोकळेपणानं बोलता येतं, पाहिजे ते वाचता येतं, असं ऐकलं होतं. आम्ही नागपूरच ठरवलं. दोघांत एक खोली घ्यायची, हेही ठरलं होतं.

भिवबांना सांगायला दोघं मिळून गेलो. ते मेंढवाड्यात एका अशक्त कोकराला दुधाला लावत बसले होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नागपूरचं शिकून आपल्या राज्यात सायब होता येतं का?"

"तिथली डिग्री इथं फारशी चालत न्हाई, आबा," सखा म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"आन् हैदराबादची?"

"ती चालती."

कोकरू पोटभर पिऊन बाजूला झालं. भिवबांनी धोतराला हात पुसले. "मला राज्याराज्याचं काय बी कळत न्हाई. पर एकदा तरी नाक्यावरच्या माणसानं म्हणावं, भिवबा, सावलीला बसा, तुमी सायबाचे वडील. लेका, तेवढ्यासाठी मी तुला शिकवायलोय."

परतताना सखा वेशीपाशी थांबून म्हणाला, "मी हैदराबादलाच जातो, वामन."

मी नागपूरला गेलो. सुट्टीत भेटलो की आपापल्या वर्गात काय शिकवलं ते एकमेकांना सांगायचो. तो उर्दू शब्द वापरायचा, मी इंग्रजी, आणि मधे आमची मराठी. तो खुशीत होता. मग इंग्रज गेले, निजाम मात्र वेगळा राहिला, आणि त्याच्या राज्यातले शेवटचे, धुमाळीचे दिवस आले. त्या उन्हाळ्यात नाके बंद झाले. मला गावी जाता येईना म्हणून लोणारला मामाकडं राहिलो होतो. एक दिवस कळलं, रानात एक म्हातारा धनगर तापानं पडलाय, चारठाण्याचा आहे. जाऊन बघतो तर भिवबा. मेंढ्या घेऊन आले होते, ते इकडंच अडकले. मामानं वैद्य आणला, पण ताप उतरेना. मी उशाशी बसून होतो. ते डोळे उघडून एकच विचारायचे, "सखा कुठवर आलाय?"

"निघालाय, भिवबा."

हैदराबादेत त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळवायला वाट नव्हती; कळलं असतं तरी यायला वाट नव्हती. भिवबा गेले. अग्नी मी दिला.

भादव्यात भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं. मी लोणारहून चालत चारठाण्याला निघालो. नाक्यावर कोणी नव्हतं. आडवं लाकूड कुणीतरी सरपणाला नेलं होतं. सखा घरी येऊन बसला होता. वडील गेल्याचं त्याला तोवर कळलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "शेवटचं पाणी कुणी घातलं?" मी म्हणालो, "मी." त्यानं माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि... सोडलाच नाही.

तो पुन्हा हैदराबादला गेला नाही. परीक्षेला बसला नाही. जिंतूरच्या कचेरीत जुने उर्दू कागद मराठीत उतरवायच्या कामाला लागला आणि तेच करत निवृत्त झाला. संसार झाला, मुलं शिकली. त्या निवडीविषयी तो एकदाच बोलला, गेल्या दिवाळीत, आमच्या शेवटच्या भेटीत. "नागपूरला आलो असतो तर आबांच्या तोंडात पाणी मी घातलं असतं. पर मग आबांचं ऐकलं नसतं... ह्यातलं कोणतं बरं, ते मला अजून ठरवता आलं न्हाई, वामन." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

परवा सखाच्या बायकोला, गयावहिनींना, भेटायला जिंतूरला गेलो. त्या गल्लीत सगळ्या घरांना लोखंडी फाटकं आहेत. सखाच्या अंगणाला नाही. त्यानं कधी बसवूच दिलं नाही. गावातल्या शेळ्या खुशाल आत शिरत, वहिनींच्या जास्वंदी खात, आणि त्यावरून दोघांची रोज कुरबूर चाले. आता मुलगा फाटक करून आणतो म्हणतोय. "नको म्हणलं त्याला," वहिनी म्हणाल्या. आम्ही ओसरीवर बोलत बसलो होतो, तेवढ्यात एक शेळी आत आली आणि जास्वंदीला लागली. तिला हाकलायला माझा हात सवयीनं उठला. वहिनींनी मानेनंच नको म्हटलं. शेळी निवांत खात राहिली, आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसलो.